शब्दांची पाळेमुळे : घाट



गेल्या अंकातल्या 'पगार' या शब्दावर बऱ्याच मंडळींनी आपापली मते कळवली. आपला पगार पोर्तुगिजांकडून आला आणि तांजोंग पगारमधला पगार म्हणजे मलाय भाषेतले कुंपण, हे वाचून एका गृहस्थांनी विचारले, "मग फरक काय राहिला? पगाराचे कुंपण ओलांडून माणूस जाणार कुठे?" त्यांच्या सौभाग्यवतींचे म्हणणे असे पडले की वीस तारखेनंतर कुंपण शिल्लकच राहत नाही, खुशाल ओलांडा.

यावेळचा शब्द त्याहून ओळखीचा आहे. गाडीत रोज त्याची घोषणा ऐकू येते आणि आपल्यापैकी निम्मे लोक तिथे गाडी बदलतात. धोबी घाट! या स्टेशनातून जाताना आजवर कुणाला नदी दिसलेली नाही, पायऱ्या म्हणाल तर सरकत्या जिन्याच्या, आणि धोबी तर औषधालाही नाही. मग हे नाव इथे कुणी आणि कशासाठी ठेवले?

नाव अगदी सरळ आहे. ऑर्चर्ड रोडच्या या टोकाला पूर्वी एक गोड्या पाण्याचा ओढा वाहत असे. त्याला सुंगेई ब्रास बासा म्हणत. सुंगेई म्हणजे नदी किंवा ओढा, आणि ब्रास बासा म्हणजे ओला तांदूळ. होड्यांतून आलेला भिजका तांदूळ त्याच्या काठी वाळत घालत, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. हिंदुस्थानातून आलेले धोबी या ओढ्यात कपडे धूत आणि काठच्या मोकळ्या गवतावर, आज वायएमसीए उभी आहे त्या बाजूला, वाळत घालत. पुढे ओढा बांधून काढला, त्याचा स्टॅमफर्ड कॅनॉल झाला आणि धोब्यांचा व्यवसाय तिथून उठला. नाव मात्र राहिले. १९८७ साली इथे स्टेशन सुरू झाले तेव्हा तेच नाव फलकावर चढले. २००३ मध्ये दुसरा मार्ग आणि २०१० मध्ये तिसरा मार्ग येऊन मिळाला, तरी ते टिकले आहे.

मुंबईच्या मंडळींना यात नवल वाटू नये. धोबी तलावावर तलाव कुठे उरलाय? तिथला तलाव बुजला आणि इथला ओढा झाकला गेला. दोन्हीकडे पाणी गेले आणि धोबी नावापुरता राहिला.

फलकावरची चिनी अक्षरेही एकदा चिनी शेजाऱ्याकडून वाचून घ्या. 'दुओ मेइ ग' असा उच्चार धरून ती लिहिली आहेत, पण सुटी सुटी पाहिली तर अर्थ निघतो 'पुष्कळ सुंदर गाणी'. कपडे आपटण्याच्या आवाजाला इतके गोड नाव दुसऱ्या कोणी दिले नसेल!

हा शब्द आपल्या देशातून इतक्या लांब कसा आला, याचे उत्तर राज्यकारभारात आहे. १८६७ सालापर्यंत सिंगापूर, मलाक्का आणि पेनांग यांचा कारभार हिंदुस्थानातल्या इंग्रज सरकारकडून चाले. अधिकारी, शिपाई, कारकून, धोबी, सगळे एकाच वाटेने येत आणि येताना कचेरीतले, बाजारातले शब्द घेऊन येत. कैदीसुद्धा येत. १८२५ पासून बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांतून काळ्या पाण्याच्या शिक्षेचे कैदी इथे आणले जात, आणि १८७३ मध्ये ही व्यवस्था बंद झाली. त्यांचा तुरुंग याच ब्रास बासा रस्त्यावर होता. स्टेशनाजवळच्या टेकडीवरचा इस्ताना आणि खालचे सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल, दोन्हीच्या बांधकामात या कैद्यांचे हात राबले आहेत. मुंबई इलाख्यातून आलेल्यांत देशावरचा कोणी असला, तर त्याने आयुष्यात दोन घाट उतरले असतील, आधी सह्याद्रीचा आणि मग इथल्या बंदराचा.

आता आपल्या घरच्या घाटाकडे येऊ.

मराठीत घाट म्हटले की प्रत्येकाला आपापल्या गावचे चित्र दिसते. नाशिककराला रामकुंड आठवते, वाईकराला कृष्णाकाठच्या दगडी पायऱ्या, कोल्हापूरकराला पंचगंगा. पंढरीची वारी केलेल्या घरात घाट म्हणजे चंद्रभागेचा घाट. पण हाच शब्द एखाद्या चिपळूणकरापुढे किंवा सावंतवाडीकरापुढे काढा. त्याला पाणी आठवतच नाही. त्याला कुंभार्ली, आंबा, फोंडा, आंबोली आठवतात, एसटीच्या खिडकीतले धुके आठवते आणि पिशवीत खास ठेवलेले लिंबूही आठवते. पुणेकर-मुंबईकरांचा घाट एकच, खंडाळ्याचा. आणि सोनाराच्या दुकानात बसलेल्या बाईंना विचाराल तर त्या म्हणतील, "या पाटल्यांचा घाट जुना आहे हो, आता असा करून मिळत नाही."

एकाच शब्दाचे तीन अर्थ आहेत : नदीवरच्या पायऱ्या, डोंगरातली वाट, आणि वस्तूचा आकार. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ सालची. तिच्यातही हे तिन्ही अर्थ एकाच शब्दाखाली आहेत.

आकाराचा घाट आधी बाजूला काढू, कारण त्याचे गोत्र बहुधा वेगळे आहे. घडणे, घडवणे, घटना, कुंभाराचा घट, ही सगळी संस्कृतातल्या घट् धातूची भावंडे. दागिन्याचा घाट, मूर्तीचा घाट, घाटदार भांडे हे त्यांच्या पंगतीला बसतात. लग्नाचा घाट घातला, नाटकाचा घाट घातला, असे आपण म्हणतो त्यातही काहीतरी जुळवून आणण्याचा, घडवून आणण्याचा भाव आहे. आपल्या मंडळात तर दर वर्षी काही ना काही घाट घातला जातोच! हरभऱ्याचे घाटे मात्र याहूनही निराळे, त्यांना इथे आणायला नको.

उरले दोन घाट, पाण्याचा आणि डोंगराचा. हे दोघे सख्खे भाऊ आहेत. संस्कृतात 'घट्ट' म्हणजे नदीवर उतरण्याची, नाव लागण्याची, स्नानाची जागा. कानडीतला 'घट्ट' डोंगराला आणि डोंगरवाटेला लागतो. मराठी या दोहोंच्या मध्ये राहते, म्हणून तिने दोन्ही अर्थ घेतले.

नदीकाठ आणि डोंगर यांचा संबंध काय, असे वाटेल. त्यासाठी सह्याद्रीच्या कड्यावर उभे राहून खाली पाहावे लागते. देशावरून पश्चिमेकडे चालत गेले तर जमीन सपाट, थोडी चढउताराची, आणि मग एकाएकी संपते. समोर दोन-तीन हजार फूट खोल कोकण पसरलेले. वरून पाहणाऱ्याला तो काठच आहे. नदीच्या काठावरून पाण्यात कुठूनही उतरता येत नाही. जिथे उतार सोपा, जिथे पाय ठेवायला जागा, तिथूनच उतरतात आणि त्या जागेला घाट म्हणतात. कड्याचेही तसेच. जिथून माणूस आणि बैल उतरू शकतो, तो घाट. दोन्ही ठिकाणी शब्दाचा अर्थ एकच आहे : एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर जाण्याची जागा.

म्हणून जुन्या मराठीत डोंगराचे नाव सह्याद्री आणि त्यातून जाणाऱ्या वाटेचे नाव घाट. डोंगर अडवणारा आणि घाट वाट देणारा. दोन डोंगरांमधली फट ती खिंड, घाटाची लहान बहीण घाटी, आणि पावसाच्या पाण्याने कोरलेली उभी अरुंद वाट ती नाळ. वाट ओळखण्यावर ज्यांचे पोट अवलंबून होते त्या लोकांनी हे शब्द नीट वेगवेगळे ठेवले. १६६१ साली उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाच्या फौजेला अडवले, ते या वाटांच्या माहितीच्या बळावरच.

या वाटा किती जुन्या? जुन्नरहून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे उतरणाऱ्या नाणेघाटात सातवाहनांच्या राणीचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. तो साधारण इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला मानतात आणि राणी नागणिका म्हणून ओळखली जाते. त्यात यज्ञांच्या दक्षिणेचे आकडे कोरलेले आहेत, आणि ते भारतातल्या सर्वांत जुन्या अंकांपैकी आहेत. घाटाच्या तोंडाशी एक भलामोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत असे लोक सांगतात. मीठ घेऊन वर जाणारे आणि धान्य घेऊन खाली उतरणारे बैलांचे तांडे शतकानुशतके अशा वाटांनी गेले. घाट होता तिथे चौकी आली, जकात आली, हिशेब आला. आपल्या ओळखीतल्या घाटपांड्यांचे आडनाव त्या हिशेबातूनच आलेले आहे.

विदर्भातल्या वाचकांनी नाराज होऊ नये, घाट त्यांचाही आहे. बुलढाणा जिल्ह्यात आजही 'घाटावरचे तालुके' आणि 'घाटाखालचे तालुके' असे सरकारी कागदातसुद्धा म्हणतात. तिथला घाट अजिंठ्याच्या डोंगररांगेचा. मोगलाई कारभारात याच वऱ्हाडाचे बालाघाट आणि पाईनघाट असे दोन भाग होते. फारसीत बाला म्हणजे वर आणि पाईन म्हणजे खाली.

नदीवरचे घाट बांधणाऱ्यांत आपल्याकडची दोन नावे घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अहिल्याबाई होळकरांनी महेश्वरला आणि काशीला घाट बांधले, हे शाळेत आपण शिकलोच. दुसरे नाव गाडगेबाबांचे. परीट समाजात १८७६ साली जन्मलेल्या या माणसाने गावोगाव झाडू मारला, धर्मशाळा उभ्या केल्या आणि कित्येक नद्यांच्या काठी लोकवर्गणीतून घाट बांधले. धोब्याच्या घरातल्या माणसाने बांधलेला घाट, म्हणजे खरा धोबी घाट तोच. पुढच्या वेळी मुलांबरोबर त्या स्टेशनात गाडी बदलाल तेव्हा त्यांना ही गोष्ट जरूर सांगा.

आता इंग्रजांनी या शब्दाचे काय केले ते पाहू. बंदरातून आत माल नेणाऱ्यांना डोंगराच्या नावाशी कर्तव्य नव्हते, वाटेशी होते. घाट चढायचा आहे, घाट बंद आहे, घाटावर जकात आहे, हेच त्यांच्या कानावर पडे. हळूहळू वाटेचे नाव सगळ्या डोंगराला लागले आणि नकाशावर सह्याद्रीचे 'वेस्टर्न घाट्स' झाले. १८८६ साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात ही पायरी-पायरीची घसरण नोंदवलेली आहे : आधी नदीवर उतरण्याची जागा, मग डोंगरातून उतरण्याची वाट, आणि शेवटी खुद्द डोंगररांग. २०१२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतले तेही याच इंग्रजी नावाने. आपल्या भूगोलाच्या पुस्तकातला 'पश्चिम घाट' हा त्याचाच मराठी अनुवाद. आपला शब्द साहेबाकडे गेला, अर्थ बदलून परत आला आणि आपण तो मुकाट्याने घरात घेतला.

पेनांगला सुट्टीत जाणाऱ्यांसाठी एक गंमत. जॉर्ज टाउनमध्ये समुद्राकडच्या गल्ल्यांच्या पाट्या वाचा. चुलिया स्ट्रीट घाट, चर्च स्ट्रीट घाट, आर्मेनियन स्ट्रीट घाट अशी त्यांची इंग्रजी नावे. मलाय पाटीवर 'गाट लेबुह चुलिया' असे दिसेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे समुद्रात भर घालून रस्ते पुढे वाढवले. मूळ रस्त्याचे नाव तेच ठेवून पाण्याकडच्या या वाढीव तुकड्याला 'घाट' जोडले. इथे डोंगर नाही, पायऱ्याही नाहीत, पण पाण्याकडे उतरणारी वाट हा अर्थ शाबूत आहे. धोबी घाटाचे स्पेलिंग आणि पेनांगच्या पाट्यांवरचे स्पेलिंग एकच, जुन्या इंग्रजांच्या वळणाचे. मध्ये एक जादा 'यू' घातलेले.

आणि आता खरी गुंतागुंत. हेच स्पेलिंग इंग्लंडमध्येही सापडते! यॉर्कशरच्या किनाऱ्यावर व्हिटबी नावाचे बंदर आहे. प्रसिद्ध दर्यावर्दी कॅप्टन कुक याने तिथेच उमेदवारी केली. त्या गावात एस्क नदीच्या धक्क्याकडे उतरणाऱ्या अरुंद बोळांना 'घाट' म्हणत. त्यांतला 'टिन घाट' जुन्या छायाचित्रांमुळे फार प्रसिद्ध झाला, आता तो बोळ उरलेला नाही. व्हिटबीच्या खलाशांनी हा शब्द हिंदुस्थानातून उचलून आपल्या गावी नेला, असे काही जण मानतात. ऐकायला आपल्याला गोड वाटते.

पण दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निकाल देता येत नाही. उत्तर इंग्लंडच्या आणि स्कॉटलंडच्या जुन्या बोलींत 'गोट', 'गॉट', 'गाउट' असा एक शब्द फार पूर्वीपासून आहे. त्याचा अर्थ पाणी वाहून नेणारी चर, मोरी, ओहोळ. लिंकनशरमध्ये पाणी सोडायच्या दाराला 'गाउट' म्हणत, आणि तिथे बॉस्टनजवळ 'अँटन्स गाउट' नावाचे एक गावही आहे. हा शब्द 'ओतणे' या अर्थाच्या जुन्या जर्मानिक धातूपासून निघाला. डच भाषेत गटाराला आजही 'गोट' म्हणतात. म्हणजे पाण्याकडे उतरणाऱ्या बोळाला देण्यासाठी घरचाच एक शब्द तिथे तयार होता. हिंदुस्थानच्या व्यापारामुळे आपल्या घाटाचे स्पेलिंग ओळखीचे झाले आणि घरच्या शब्दाने परदेशी अंगरखा चढवला, हे मला जास्त पटते.

असाच अंगरखा आणखी एका ठिकाणी दिसतो. वेस्ट इंडीजमधल्या माँटसेराट बेटावर डोंगरातून पाणी वाहून आणणाऱ्या घळीला त्याच स्पेलिंगने लिहितात, उच्चार मात्र 'गट' असा करतात. तिथल्या 'रनअवे घाट' नावाच्या झऱ्याचे पाणी जो पितो तो त्या बेटावर परत येतोच, अशी समजूत आहे. आपल्याकडे बारा गावचे पाणी प्यालेला माणूस वस्ताद समजतात. तिथे एकाच घळीचे पाणी प्यालेला माणूस परत येतो!

या प्रकरणातून शब्द शोधणाऱ्याने घ्यायचा धडा एवढाच, की चेहरा सारखा दिसला म्हणून नाते लावू नये. आजी कुठली, आजोळ कुठले, हे विचारावे. पगार आणि पगारचे तेच झाले होते. व्हिटबीचा आणि धोबीचा हे दोन घाट दिसायला जुळे, पण बहुधा वेगवेगळ्या घरचे.

आता जरा अवघड वळण. गणपतीतल्या कार्यक्रमानंतर ताटे वाढताना सेकंडरीत शिकणाऱ्या एका मुलाने मला विचारले, "काकू, घाटी म्हणजे व्हॅली ना? मग मुंबईला माझा मावसभाऊ त्यांच्या बिल्डिंगच्या वॉचमनला घाटी का म्हणतो?"

पहिला अर्धा प्रश्न त्याच्या शाळेतून आला होता. सिंगापूरच्या शाळांत तमिळखेरीज हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी आणि उर्दू या भारतीय भाषा शिकता येतात. मराठी त्यात नाही. आपली बहुतेक मुले हिंदी घेतात. हिंदीत घाटी म्हणजे दरी, डोंगरांच्या मधला खोलगट प्रदेश. काश्मीरची घाटी. मराठीत घाटी म्हणजे वर चढणारी छोटी वाट. परीक्षेत हिंदी अर्थ लिहायचा आणि घरी मराठी अर्थ समजायचा, हे मुलांना सहज जमते, फक्त दुसरा अर्थ कुणीतरी सांगायला हवा. संभाजीनगरच्या वाचकांकडे तिसराही अर्थ आहे. त्यांच्या शहरात, जुन्या औरंगाबादेत, घाटी म्हणजे सरकारी दवाखाना. 'घाटीत नेले' म्हटले की काळजी वाटते.

प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग मात्र शाळेतून आलेला नव्हता. घाटी हा शब्द मुळात फक्त पत्ता सांगणारा होता. कोकणातल्या माणसाच्या दृष्टीने घाटावरून आलेला तो घाटी, जसा देशावरच्याला खालचा तो कोकणी. मुंबई वाढली, गिरण्या, गोदी, बाजार वाढले, तसे सातारा, पुणे, कोल्हापूर, नगर या भागांतले लोक दुष्काळ आणि कर्ज मागे टाकून घाट उतरले. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि ही वाट आणखी रुंद झाली. या लोकांनी मुंबईत ओझी वाहिली, गोण्या उचलल्या, गाड्या ओढल्या. ज्यांच्यासाठी उचलल्या त्यांच्या तोंडी घाटी हा पत्ता राहिला नाही. घाटी म्हणजे अडाणी, घाटी म्हणजे गावंढळ, असा अर्थ झाला. गोव्यात घाटापलीकडून आलेल्याला 'घांटी' म्हणतात, त्यातही तोच सूर असतो. आणि हे सगळे परक्यांनीच केले असे नाही. "अगदीच घाटी दिसतंय ते," असे शर्टाबद्दल, पडद्याबद्दल, माणसाबद्दल बोलणारी बरीच तोंडे मराठीच होती आणि आहेत.

त्याच घाट्यांपैकी एक, सातारा जिल्ह्यातल्या पाटण भागातले अण्णासाहेब पाटील. त्यांनी मुंबईतल्या माथाड्यांची संघटना बांधली. डोक्यावर ओझे वाहतो तो माथाडी. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कामगारांसाठी कायदा झाला आणि रोजंदारीवर ओझी उचलणाऱ्या माणसाला पहिल्यांदा मजुरीची, भविष्य निर्वाह निधीची हमी मिळाली. 'माथाडी' हा शब्द कायद्याच्या पुस्तकात गेला. 'घाटी' रस्त्यावरच राहिला. मसाल्याच्या पुडीवर मात्र 'घाटी मसाला' हे नाव आता लोक अभिमानाने छापतात. तिखटाला मान मिळाला, माणसाला अजून मिळायचा आहे.

मुलाला मी काय सांगितले? सांगितले की घाटी म्हणजे घाट उतरून आलेला माणूस. तुझे पणजोबा कऱ्हाडहून मुंबईला आले असतील तर ते घाटी. तुझे आईबाबा मुंबईहून चांगीला उतरले, तेही एका अर्थाने घाट उतरलेच, फक्त एसटीऐवजी विमानाने. आणि आता तू जेव्हा नव्याने आलेल्या कुणाच्या उच्चाराला, डब्याला, कपड्यांना हसशील, मग तो शाळेतला नवा मुलगा असो की आपल्या ब्लॉकखाली काम करणारा मजूर, तेव्हा तू तुझ्या मावसभावाचाच शब्द वापरत असशील, अक्षरे वेगळी असली तरी. इथे कुणाच्या तरी दृष्टीने आपणही घाटीच आहोत. तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "मग वॉचमनला काय म्हणायचं?" मी म्हटले, "त्याचे नाव विचारायचे. आणि मोठा असेल तर काका म्हणायचे."

धोबी घाटावरून एक म्हण सगळ्यांनाच आठवते, ना घर का ना घाट का. परदेशी राहणाऱ्यांना ती हटकून ऐकवली जाते. गावी गेले की नातेवाईक गमतीने म्हणतात, आणि इथे आपण स्वतःलाच कधीकधी म्हणतो. पण घाटाचा अर्थ नीट पाहिला तर म्हणीला थोडे उत्तर देता येते. घाट ही राहण्याची जागा कधीच नव्हती. घाटावर कोणी घर बांधत नाही. तिथे उतरायचे, ओझे खांद्यावर बदलायचे, पाणी प्यायचे आणि पलीकडे जायचे. घर मात्र एका टोकाला असले तरी चालते आणि दोन्ही टोकांना असले तरी चालते, मधली वाट माहीत असली म्हणजे झाले. आपल्या मुलांच्या बाबतीत ती वाट म्हणजे भाषा. शाळेत ती शिकवली जात नाही. तेव्हा ती मंडळाच्या कार्यक्रमांत, जेवणाच्या टेबलावर आणि आजीशी फोनवर बोलतानाच शिकवावी लागणार. एक शब्द धरून ठेवला तरी त्याच्या मागून नाणेघाट येतो, गाडगेबाबा येतात आणि वॉचमनकाकाही येतात.

वाचकांना एक गृहपाठ. आपापल्या मूळ गावाला जाणारा घाट कोणता, आणि घरातली वडील मंडळी त्याला काय म्हणत, हे एका कागदावर लिहून पुढच्या बैठकीला आणा. नकाशावरचे नाव आणि आजीच्या तोंडचे नाव पुष्कळदा वेगळे असते, आम्हाला आजीचे हवे आहे. मुलांनी स्वतःच्या अक्षरात लिहिले तर छापताना त्यांना आधी जागा मिळेल.

पुढच्या अंकात 'गोदाम'. क्लार्क कीच्या जुन्या वखारींपासून भिवंडीपर्यंतचा त्याचा प्रवास पाहू. तोवर नमस्कार.